अकरावं नाव

इंग्लंडमधल्या नॉर्फोक परगण्यातल्या एका खेड्यातल्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथाच्या, चर्चची खिडकी आमच्याकडे आली तेव्हा कामाच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: युद्धस्मारक, खालचा पॅनेल, रंग उडतोय. रंगीत काचेच्या डागडुजीत मला नऊ वर्षं झाली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चमधून अशा खिडक्या बसल्या. वर येशू, नाहीतर गुडघे टेकलेला सैनिक, आणि खाली गावातल्या परत न आलेल्या पोरांची नावं.

हे चर्च शेतमजुरांचं. मुळात प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचं. १९३२ मध्ये तो पंथ बाकीच्या मेथडिस्टांत मिसळला. नॉर्फोकच्या शेतमजुरांची युनियन १९०६ साली उभी करणारे जॉर्ज एडवर्ड्स याच पंथाचे प्रवचनकार. आमच्या पॅनेलवर चौदा नावं होती, आडनावाच्या अक्षरक्रमानं. हुद्दा कुणाच्याच नावापुढे नाही. सार्जंट असो की साधा शिपाई, सगळ्यांची अक्षरं एकाच उंचीची. मला ते पाहताक्षणी आवडलं.

लाइट टेबलवर पॅनेल आडवा ठेवला, खालून उजेड सोडला, तर तेरा नावं उमटली. अकराव्या जागी नुसती पिवळसर काच.

काचेवरचा काळा रंग म्हणजे धातूच्या ऑक्साइडची पूड आणि दळलेली काच. लिहून झालं की भट्टीत सुमारे साडेसहाशे अंशांवर भाजायचं, मग तो काचेत मुरतो. तो तुकडा कच्चा भाजला गेला असावा. त्यात पुढे कुणीतरी संरक्षणासाठी बाहेरून प्लॅस्टिकचा ताव ठोकला, हवा खेळायची बंद झाली आणि आत घाम धरू लागला. वर मागच्या एका दुरुस्तीत ती काच घासून स्वच्छ केलेली दिसत होती. त्या घासण्याचा मला आजही राग येतो. मळ आणि नाव यांतला फरक हाताला कळायलाच हवा.

खालचा दिवा बंद केला, खोलीत अंधार केला आणि बारीक टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारला. रंग गेला तरी त्याखालची काच शेजारच्या काचेइतकी झिजलेली नसते. तो फरक तिरक्या उजेडात दिसतो, ओल्या पाटीवर पुसलेलं अक्षर दिसावं तसा. आधी एक उभी रेघ दिसली, मग गोलाई, मग शेवटची दोन अक्षरं. मधलं काही लागेना.

दुपारी चर्चच्या एक आजी आल्या. वय शहाऐंशी. सोबत चर्चमध्ये फ्रेम करून लावलेली जुनी यादी आणली होती. अकरावं नाव त्यांच्या वडिलांच्या मामांचं निघालं. मी टॉर्च धरला, त्यांनी वाकून बोटानं, काचेला न लावता, एकेक अक्षर हवेत गिरवलं. मधली अक्षरं आता मलाही दिसू लागली. मग त्यांनी पर्समधून एक फोटोकार्ड काढलं. गणवेशातला कोवळा पोरगा, आणि पाठीमागे शाईनं लिहिलेलं गावाचं नाव. आजी ते ‘बेल्गॉम’ असं वाचत होत्या.

बेळगाव! मी खुर्ची ओढून खालीच बसले.

नॉर्फोक रेजिमेंटची दुसरी बटालियन ऑगस्ट १९१४ मध्ये बेळगावच्या छावणीत होती. तिथून सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. त्याच ब्रिगेडमध्ये ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. तिथल्या कूत गावाला तुर्की फौजेनं घातलेल्या वेढ्यात दोघी एकत्र अडकल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीनं हैराण झालेल्या सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. मग वाळवंटातून पायपीट आणि कैद. साध्या ब्रिटिश सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त त्या कैदेत मेले. हा पोरगा त्यांतलाच. बसऱ्याच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे.

आजींनी विचारलं, “तुमच्या गावी आहे का अशी खिडकी?”

आमचं गाव साताऱ्याकडचं. अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव म्हणून नावाजलेलं नाही, पण चावडीच्या भिंतीत एक दगड आहे: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले. त्यावर नाव एकाचंही नाही. बसऱ्यालाही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा घातला. अशी विषमता झाल्याचं युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानं २०२१ मध्ये मान्य केलं. मी हे सांगितलं तेव्हा आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पण मग त्यांच्या आयांनी कुठे हात ठेवायचा?”

मूळ काचेवर आम्ही नव्यानं रंगवत नाही. तिच्यामागे पातळ काच बसवायची, हरवलेली अक्षरं त्या काचेवर लिहून भाजायची आणि दोन्ही एकाच शिशाच्या पट्टीत धरायच्या. समोरून नाव सलग वाचता येतं, आणि उद्या कुणाला मूळ काच हवी असेल तर ती जशीच्या तशी हाती लागते. त्या संध्याकाळी मी अक्षरं कागदावर तीनदा उतरवून घेतली. ब्रश धरायचा धीर दुसऱ्या दिवशी आला.

घरी जाऊन आण्णांना फोन लावला. आपल्या पणजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याला गेले होते ना, त्यांचं नाव काय?

“बसऱ्याचं म्हातारं म्हनायचे सगळे,” आण्णा म्हणाले. मग स्वतःशीच, “म्हातारं कसलं, पोरगंच असंल की ते. नाव... थांब, आक्कीला इचारून येतो.”

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या चपला अंगण ओलांडून शेजारच्या दारापर्यंत जाताना मला ऐकू येत होत्या. मी वही उघडून, पेन्सिल हातात धरून बसले.