आधी धुवा, मग कापा : आमची वाटचाल

दुकानात हातात घेतलेलं कुठलंही नवं बनियन मऊच लागतं. कापडाला शेवटी सॉफ्टनर दिलेला असतो. दोन-चार धुलायांत तो निघून जातो आणि मग कापडाचा खरा पोत कळतो. सांगलीत आम्ही आधी तयार होजिअरी विकायचो. पुढे स्वतः कापड आणून शिवून घेऊ लागलो. या वाटेवर आम्ही जे जे बदललं, ते धुऊन परत आलेले कपडे बघूनच.

तक्रारी ठरलेल्या असायच्या. टी-शर्ट आखूड झाला, बाजूची शिलाई फिरून पोटावर आली, गळा सैल पडला. अंडरवेअरची पट्टी गुंडाळते, मांडीला घासतं. शिवणाऱ्याची चूक यात फार थोडी असते. बरंचसं कापडातच ठरलेलं असतं.

इचलकरंजी, विटा, माधवनगर इथले माग आमच्या आसपासच आहेत. पण मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड निघतं, आणि बनियन-टी-शर्टला लागतं फासाफासांचं, ताणलं जाणारं विणकामाचं कापड. त्यामुळे रोल येतात तिरुपूरहून. सैल बॉक्सरला मात्र मागाचंच पातळ सुती कापड चांगलं, ते अंगाला चिकटत नाही.

रोल आला की पहिलं काम वजनाचं. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, काट्यावर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमना १०० ने गुणायचं. चकती १.८० ग्रॅम भरली तर कापड १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. दोन्ही कडा आणि मध्य अशा तीन जागी चकत्या काढतो, कारण एकाच रोलमध्येही फरक सापडतो. रोजच्या टी-शर्टला १८० च्या आसपास ठीक. पांढरा १५० च्या खाली गेला की अंग दिसतं. २२० च्या पुढचा अंगावर छान उभा राहतो, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही.

नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. जाड सूत सैल विणलं तरी तेवढंच वजन भरतं. म्हणून काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, विचारायचा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. आम्ही ३० काउंट कोम्ब्ड वापरतो. कोम्ब्ड म्हणजे विंचरलेलं, आखूड तंतू काढून टाकलेलं सूत. हेच आखूड तंतू पुढे काखेत आणि मांडीला गोळे होऊन येतात. बायोवॉश या धुलाईत एन्झाइम वर आलेले तंतू खातात, त्यामुळे गोळे आणखी कमी होतात. गिऱ्हाइकाने कापड उजेडाकडे धरावं. जाड-पातळ पट्टे, ढगासारखे डाग दिसले तर सूत हलकं समजा.

मग धुलाई. कापडावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखतो, तीनदा धुऊन वाळवतो आणि पुन्हा मोजतो. बाजू ४७.५ झाली तर ५ टक्के आटलं. ७० सेंटिमीटर लांबीच्या टी-शर्टला हे साडेतीन सेंटिमीटर होतात, म्हणजे घालणाऱ्याला ते जाणवणारच. याच्यावर आटलं तर रोल परत. विणताना, रंगवताना कापड लांबीत ओढलं जातं. पाणी लागलं की फास मूळ जागी येतात. कॉम्पॅक्टिंग, म्हणजे यंत्रात कापड लांबीत दाबून आधीच आटवणं, नीट झालं असेल तर हे काम आधीच उरकलेलं असतं. सुरुवातीला आम्ही रोल उघडला की लगेच कापायचो आणि अख्खा लॉट एक साइज लहान निघायचा. आता रोल पसरून २४ तास मोकळा ठेवल्याशिवाय कात्री लागत नाही. लायक्रा (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असलेलं कापड तर नाहीच.

शिलाई फिरते ती सुताच्या पिळामुळे. पीळ सुटू पाहतो आणि फास तिरके होतात. नव्या कपड्यात हे इस्त्रीखाली लपतं, तरी ओळखता येतं. बाजूच्या शिलाईलगत फासांची बारीक उभी ओळ वरून खाली नजरेने धरा. ती शिलाईला समांतर न जाता तिच्यात घुसत असेल, तर दोन धुलायांत तो टी-शर्ट पिळणार.

गळ्याची रिब, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, गळ्याच्या घेरापेक्षा १० ते १५ टक्के आखूड कापावी लागते. घेराएवढीच ठेवली तर लाटा येतात, फार आखूड केली तर चुण्या पडतात आणि डोकं जात नाही. रिबमध्ये थोडा लायक्रा हवाच. मागून खांद्यापासून खांद्यापर्यंत कापडी टेप असेल तर गळा ओढला जात नाही आणि कड बांधणारे ओव्हरलॉकचे टाके मानेला टोचत नाहीत. दिसण्यापुरतं इतकंच: खांद्याची शिलाई हाडावर यावी आणि छातीत तीन-चार इंच मोकळं असावं. राखाडीवर काखेतला घाम लगेच दिसतो. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, तिथे अंगाच्या रंगाच्या जवळचं घ्या.

अंडरवेअरला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. साध्या कापून शिवलेल्या ट्रंकमध्ये (मांडीपर्यंत येणाऱ्या अंडरवेअरमध्ये) चारही शिलाया खाली एकाच बिंदूवर येतात. सायकल असो, मोटारसायकल असो, बसल्यावर भार नेमका तिथेच पडतो. तिथेच टोचतं आणि फाटतंही तिथेच. तो बिंदू मोडायला मध्ये वेगळी पट्टी, गसेट, घातली. कापड जास्त जातं, टाके वाढतात, किंमत चढते. तरी ती पट्टी आम्ही काढणार नाही. शिलाई फ्लॅटलॉकची, म्हणजे सपाट बसणारी, आतल्या बाजूला मऊ, फुगीर (टेक्श्चर्ड) धागा. विकत घेताना कपडा उलटा करून शिलाईवरून बोट फिरवा. कड बोटाला लागली तर मांडीला लागणारच.

आमच्या भागात तालमीतले पैलवान पुष्कळ. कंबर ३२ आणि मांडी भरलेली, अशा अंगाला ब्रीफचं (मांडी न झाकणाऱ्या आखूड अंडरवेअरचं) मांडीचं इलॅस्टिक रुततं. त्यांनी बिनइलॅस्टिकची, ९५ टक्के सूत आणि ५ टक्के लायक्राची ट्रंक घ्यावी. ज्यांच्या मांड्या चालताना घासतात त्यांना मांडीच्या आतल्या बाजूची शिलाई निदान १५ सेंटिमीटर लांबीची हवी, म्हणजे कापड दोन्ही मांड्यांच्या मध्ये राहतं.

कंबरेची एक इंची पट्टी पोट असलेल्या माणसाला गुंडाळतेच. ३२ ते ३५ मिलिमीटरची सपाट बसते. घेण्याआधी पट्टीवर १० सेंटिमीटर मोजा, दुप्पट ताणून सोडा. साडेदहाच्या वर राहिली तर ती लवकर सैल पडणार.

मापात गोंधळ होतो तो पँटच्या आकड्यामुळे. पट्टी जिथे बसते तिथे टेप लावा. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. माप ८५ आणि ९० च्या मध्ये आलं तर लायक्राला खालचं, साध्या सुतीला वरचं घ्या.

बांबूच्या नावाने येतं ते बहुतेक व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासून रसायनांनी बनवलेला धागा, असतं. मऊ खरंच, पण ओलं असताना कच्चं. आपल्याकडे धुणं दगडावर आपटतात, ब्रश मारतात. तसल्या धुण्याला ते टिकत नाही. लायक्राला क्लोरीनचं ब्लीच, उकळतं पाणी आणि कडक इस्त्री वर्ज्य. काळ्या कपड्यावर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासून बघा, रंग सुटत असेल तर तिथेच कळेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत जमिनीवर गठ्ठा ठेवायची हिंमत होत नाही. ओल धरलेल्या सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. आमचे रोल आता उंच फळ्यांवर असतात.

घातलेली अंडरवेअर आम्ही परत घेत नाही, म्हणून काउंटरवर टेप कायम ठेवलेला असतो. सहा पीस मागणाऱ्याला आम्ही एकच देतो. तो दोनदा धुवा, दिवसभर घालून बघा. बाकीचे पाच त्याच लॉटचे बाजूला काढून ठेवतो.