नक्की किती वाजता?

भाचीचं सिझेरियन ठरलं होतं आणि मुहूर्त ताईच्या व्याह्यांनी काढून आणला होता. दुपारी १२ वाजून १० मिनिटं ते १२ वाजून ३५ मिनिटं. हल्ली यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डॉक्टरीणबाईही "बघू, त्याच सुमारास घेऊ" म्हणाल्या होत्या. आम्ही सगळे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लोखंडी बाकांवर. ताईचं रामरक्षेचं तिसरं आवर्तन चाललेलं, जावई मोबाइल उघडत-मिटत बसलेला, आणि व्याही हातावरचं घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते.

चौतिसाव्या मिनिटाला आतून रडण्याचा आवाज आला. "चौतीस! बसलं!" व्याही जवळजवळ ओरडलेच. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या. मुलगी झाली, वजन छान आहे, दोघी ठीक आहेत, असं सगळं सांगून झाल्यावर व्याह्यांनी वेळ विचारली. "बारा छत्तीस," सिस्टर म्हणाल्या. आतल्या घड्याळात तसं होतं आणि कागदावरही तसंच पडलं होतं.

मग जी चर्चा झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. जन्मवेळ म्हणजे डोकं बाहेर आलं ती, की सगळं अंग बाहेर आलं ती? पहिला टाहो धरायचा की नाळ कापली ते धरायचं? व्याह्यांनी ज्योतिषीबुवांना फोन लावला, ते म्हणाले नाळ. जावयाच्या काकांचं मत पहिला श्वास. लग्नरास बदलत नसली तरी नवमांश बदलू शकतो, म्हणजे एकदोन मिनिटांत पोरीचा नवराही बदलायचा, असं काहीतरी. ज्या बयेचा हा सगळा हिशेब चालला होता ती तेव्हा दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटून स्वतःची मूठ चोखत होती.

मला गंमत वेगळीच वाटत होती. ही आज आली म्हणतात, पण ही तर कित्येक महिने आमच्यात होतीच की. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा करडा, धुरकट फोटो आला होता आणि त्यात नाक कुणाचं यावरून दोन आत्या दुखावल्या होत्या. डोहाळजेवणात तिच्या नावाने वाट्या पालथ्या घातल्या होत्या, खाली बर्फी की पेढा. तिचं नाव तेव्हा ‘पिल्लू’ होतं. १२ वाजून ३३ मिनिटांपर्यंत हे पिल्लू कोण होतं मग?

लहानपणी हा प्रश्न मी रामाच्या बाबतीत विचारलेला आहे. आमच्या गावच्या राममंदिरात नवमीला सकाळी दहाला कीर्तन उभं राहायचं आणि बाराच्या ठोक्याला जन्म व्हायचा. बुवांची खरी कसोटी तिथे. सभामंडपाच्या खांबावर किल्लीचं मोठं घड्याळ, त्याखाली पाळण्याची दोरी धरून बसलेल्या सुवासिनी, आणि घड्याळ व बुवा यांच्यामध्ये उभे राहून बोटांनी खुणा करणारे पंच. पूर्वरंग लांबला तर तिन्ही राण्यांचे डोहाळे एका दमात उरकायचे. वेळ उरला तर दशरथाच्या यज्ञातल्या समिधा एकेक करून मोजल्या जायच्या. एका वर्षी बुवा फारच आधी पोचले. अकरा चाळीसलाच कौसल्येला कळा सुरू झाल्या! मग वीस मिनिटं बिचारी तशीच, आणि बुवा अयोध्येच्या गुढ्यातोरणांचं वर्णन करतायत. पेटीवाल्यानेही हात आखडता घेतलेला. बाराचा पहिला ठोका पडला आणि गुलाल-फुलं अशी उधळली गेली की पुढचे अकरा ठोके कुणी ऐकलेच नाहीत.

मी आजीला विचारलं, राम बाराला जन्मतो तर साडेअकराला कुठे असतो? कौसल्येच्या पोटात. त्याच्या आधी? पायसात. यज्ञातून आलेल्या त्या खिरीचे वाटे झाले ना, त्यात. कैकेयीच्या हातातला घास घारीने उचलला, तो अंजनीच्या ओंजळीत पडला, म्हणून मारुती झाला. त्याच्याही आधी? "वैकुंठात. आता गप बस, नाहीतर सुंठवडा नाही मिळणार." सुंठवड्यासाठी मी गप्प बसले.

एसटीच्या लेखी मात्र माणूस पाच वर्षांनी सुरू होतो. तोवर तिकीट नाही, आणि पुढे बारापर्यंत अर्धाच माणूस. कंडक्टरने "पोरगी केवढी?" विचारलं की आईचा हात आधीच माझ्या मांडीवर चिमट्याच्या तयारीत. शाळेत डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागला की सहा पूर्ण. वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून, कारण हेडमास्तरांना तीच सोयीची. आजी सांगायची की बाबा थंडीत झाले, शेकोटीच्या दिवसांत. पण पेन्शन जूनच्याच हिशेबाने मिळालं.

डॉक्टरांचं गणित तर आणखी मजेदार. ते आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे चाळीस आठवड्यांतल्या पहिल्या दोनेक आठवड्यांत पोटात कुणीच नसतं, पण फाइलवर दिवस पडत असतात. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होतं आणि चेतना प्रकट होते. डोहाळे त्यामुळेच. गर्भोपनिषद जीवाला सातव्या महिन्यात आणून बसवतं आणि नवव्यात त्याला मागचे सगळे जन्म आठवायला लावतं. अ‍ॅरिस्टॉटलने मुलग्याला चाळीस दिवस दिले आणि मुलीला नव्वद. आलंच ते!

कायदा या वादात पडत नाही, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात जीव कधी सुरू होतो यावर एक ओळ नाही. तिथे आठवडे आहेत आणि बाईच्या जिवाला, मनाला होणारा धोका आहे. आधी वीस आठवडे, २०२१ पासून काही जणींसाठी चोवीस. उलट वारसाहक्काच्या १९५६ च्या कायद्यात बाप गेला तेव्हा पोटात असलेल्या बाळालाही वाटा आहे. अट एवढीच की ते पुढे जिवंत जन्मलं पाहिजे. जमिनीच्या वाटणीत आमच्याकडे असा एक वाटा तीन महिने राखून ठेवला होता आणि दोन चुलत्यांची नजर सगळा वेळ धाकट्या काकूच्या पोटावर होती. आणि सोनोग्राफीच्या खोलीत लिंगनिदान होत नसल्याची ती पाटी. गर्भाचं लिंग सांगण्याला चाप लावणारा कायदा देशात पहिल्यांदा १९८८ मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, याचा अभिमान धरायचा की लाज, मला ठरवता येत नाही. जीव कधी सुरू होतो हे विचारायला आपल्याकडे कुणाला सवड नव्हती. मुलगा की मुलगी, एवढं कळलं की पुरत होतं.

बरं, गर्भधारणेचा क्षण धरू म्हणावं तर मला आमच्या वाड्यातले जुळे आठवतात. हुबेहूब एकमेकांसारखे, आणि पंधरा मिनिटांनी मोठा असलेला जन्मभर दुसऱ्याला "मी थोरला आहे" ऐकवायचा. एका बीजाचे असे दोन साधारण पहिल्या दोन आठवड्यांत कधीतरी होतात. मग त्याआधी कोण होता? थोरला? की दोघांपैकी कुणीच नाही, तिसराच एक होता आणि तो दोघांना जागा देऊन निघून गेला? प्रयोगशाळेतला गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, हा नियम ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवला, आपल्याकडेही तोच चालतो, त्याचं एक कारण हेच. ही शंका मी थोरल्याला बोलून दाखवली नाही. तो चिडका आहे.

पण सगळ्यात वेड लावलं ते एका साध्या गोष्टीने. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची होते तेव्हा तिच्या इवल्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजं तयार असतात. पुढे ती कमीच होत जातात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात. म्हणजे ज्या बीजातून मी झाले ते आई आजीच्या पोटात असतानाच तयार होतं. माझी सुरुवात धरायचीच तर निम्मी तिथली, आजीच्या पोटातली, बाबांचा पत्ता नसतानाची. त्या खेपेला आजीला माती खायचे डोहाळे लागले होते, चुलीच्या कडेचा पोपडा काढून ती पदरात लपवायची. पहिल्या पावसात मी खिडकीतून तोंड बाहेर काढून उभी राहते, त्याचं खापर मी आता तिच्यावर फोडते.

आजीचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. १९९१ च्या जनगणनेला आमच्याच शाळेचे मास्तर घरोघर फिरत होते. आजोळ पलीकडच्या आळीत, मी शाळा सुटून तिथेच गेलेली. आजी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. मास्तर पाटावर बसले, मांडीवर कागद घेतले. वय, शिक्षण, धंदा झालं. मग मुलं किती हयात?

"पाच."

"आणि झाली किती एकूण?"

"सात."

मास्तर गावातलेच. त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं. "पाच ही, आणि घटसर्पाने गेला तो सहावा. सातवं कुठलं, काकू?"

"पाचव्या महिन्यात गेलं ते. हिच्या आईच्या आधीचं."

मास्तरांनी पेन कानामागे खोचलं. "ते नाही धरायचं. रकाना जिवंत जन्मलेल्यांचा आहे."

"मग तुमच्यात नका धरू," आजी म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली. सहा लिहिलं गेलं.

आईकडून पुढे कळलं की त्याच्याही आधी एक दीड महिन्याचं गेलं होतं. ते आजी स्वतःही धरत नसे. "त्याचं काय, मलाच नंतर कळलं," एवढंच म्हणायची. हे धरायचं, ते नाही, असं कुठल्या शास्त्राने, हे तिला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

मास्तर गेल्यावर मी तिला विचारलं, ते मुलगा होतं की मुलगी? तिने उत्तर दिलं नाही. शेंगांची साल एका बाजूला लोटत म्हणाली, "ते राहिलं असतं तर तुझी आई झाली नसती. ते ज्येष्ठात व्हायचं होतं. तुझी आई त्याच वर्षी मार्गशीर्षात झाली. मोज."

मी बोटांवर मोजले. सहाच महिने भरले.