दार उघडे ठेवून लागलेले लग्न

ल्योंमधील एका नगरभवनात नुकतेच माझ्या कार्यालयातील मैत्रिणीचे लग्न झाले आणि तिच्या बाजूची साक्षीदार म्हणून मी सही केली. बाहेर पुढच्या लग्नाच्या मंडळींचा गलबला चालला होता, म्हणून मी दार लोटायला उठले, तर तेथील कर्मचारी महिलेने मला हळूच थांबवले. विवाह सर्वांसमक्ष झाला पाहिजे असे फ्रान्सचा कायदा सांगतो, त्यामुळे विधी संपेपर्यंत दार उघडेच ठेवतात.

‘रजिस्टर लग्न’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घाईघाईने उरकलेले, काहीसे आडोशाचे लग्न येते. येथे मात्र वधूवरांची नावे आधी दहा दिवस नगरभवनाच्या वतीने जाहीर केलेली असतात. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे सोपवल्या, आणि तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने लग्न लागते ते तेथेच. धार्मिक विधी हवा असेल, तर तो त्यानंतर. मैत्रीण कॅथलिक घरातली, नवरा मुस्लिम घरातला. धर्म कोणी बदलायचा, हा प्रश्न या सभागृहात कोणी विचारलाच नाही.

तिरंगी पट्टा परिधान केलेल्या उपमहापौरांनी नागरी संहितेतील कलमे सावकाश वाचली. पतिपत्नींनी परस्परांचा आदर करावा, एकनिष्ठ राहावे, एकमेकांना साहाय्य व आधार द्यावा, असे २१२ वे कलम सांगते. त्यातील ‘आदर’ हा शब्द २००६ मध्ये घातला गेला, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पुढे मुलांविषयीचे कलम आले. आईवडिलांनी मुलाचे वय आणि समज पाहून त्याच्यासंबंधीच्या निर्णयांत त्याला सहभागी करून घ्यावे, हे वाक्य वाचले जात असताना, तोवर खिडकीबाहेर पाहत बसलेले नवऱ्याचे वडील खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले. नागरी विवाह रुक्ष असतो, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याची बांधिलकी स्वीकारायची, ते दोघांना समजेल अशा भाषेत तोंडावर वाचून दाखवणे मला फार गंभीर आणि सुंदर वाटले.

दोघांनी ‘वुई’, म्हणजे ‘हो’, म्हटले, नोंदवहीत सह्या झाल्या, आणि उपमहापौरांनी कुटुंब-पुस्तिका त्यांच्या हाती दिली. मैत्रिणीने ती उघडून मुलांच्या नोंदीसाठी राखलेली कोरी पाने सासऱ्यांना दाखवली. तोवर पुढची वधू दारात येऊन उभी राहिली होती.