प्रवाळाच्या आडोशाला

मुंबई, जूनचा पहिला आठवडा

मे महिन्यात मी आणि ताई मॉरिशसला जाऊन आलो. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर गावापासून थोड्या अंतरावर, उसाच्या शेतांपलीकडे एकट्याच उभ्या असलेल्या एका बंगल्यात आमचा मुक्काम होता. तिथे रोज थोडेथोडे लिहिलेले आता गिरगावच्या घरी बसून नीट उतरवून काढते आहे. विमानाचे आणि खरेदीचे तपशील गाळले आहेत. ठेवले आहे ते त्या जागेच्या शांततेविषयीचे, कारण ही शांतता राखली तरी कोणी, हा प्रश्न मला तिथे पहिल्याच रात्री पडला आणि त्याचे उत्तर जसजसे मिळत गेले तसतशी ती जागा मला अधिक जवळची वाटू लागली.

सोमवार, रात्री

समुद्राकाठच्या अशा सुट्टीच्या घराला येथील लोक कांपमाँ म्हणतात. आमच्या घराच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत, छप्पर उसाच्या पाचटाने शाकारलेले आहे आणि चक्रीवादळाच्या दिवसांत बंद करून घेण्यासाठी प्रत्येक खिडकीला जाड लाकडी झडपा आहेत. मागे डोक्याहून उंच ऊस, पुढे सुरूच्या झाडांची रांग, त्यापुढे पांढरी वाळू आणि मग पाणी. दुसरे घर दृष्टीस पडत नाही. घर सांभाळणाऱ्या बाई तिन्हीसांजेला दिवे लावून, किल्ल्या ताईच्या हाती देऊन आपल्या गावात परतल्या आणि आम्ही दोघी ओसरीवर बसून राहिलो.

गिरगावात रात्री बारा वाजताही कोणाच्या तरी घरचा टीव्ही, जिन्यावरची पावले, चर्नी रोडला थांबणारी लोकल असे काहीतरी कानावर येतच असते. त्या आवाजांचा मला कधी त्रास झालेला नाही. आसपास माणसे जागी आहेत, एवढेच ते सांगतात. येथे ते सगळे थांबल्यावर आधी काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळाने लक्षात आले, की दुरून एक खोल, अखंड घरघर येते आहे. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा चढउतार तिच्यात नव्हता. ताई म्हणाली, "वारा असेल." पण सुरूची एकही फांदी हलत नव्हती.

मंगळवार

सकाळी त्या आवाजाचे उगमस्थान समोरच दिसले. किनाऱ्यापासून खूप आत, फिकट हिरवे पाणी संपून गडद निळे पाणी सुरू होते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेसाची एक पांढरी रेघ होती. हिंदी महासागराच्या लाटा त्या रेघेवर येऊन फुटतात आणि अलीकडच्या उथळ पाण्यात, म्हणजे खाजणात, त्यांचा जोर जवळजवळ उरत नाही. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या अशा भिंतीने बहुतेक बेटाला वेढा घातलेला आहे. दक्षिणेला ग्रिस-ग्रिस येथे ही भिंत नाही आणि तिथे लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. आम्ही तिथे गेलो तेव्हा एकमेकींशी मोठ्याने बोलावे लागत होते. आमच्या ओसरीवरचा एकांत त्या भिंतीने दिलेला आहे, हे मला तिथे उभे राहिल्यावर पूर्णपणे पटले.

मुंबईच्या माणसाला या पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. वडिलांनी आम्हाला लहानपणी एक हिशेब शिकवला होता, की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वेळेच्या सुमारास मुंबईत भरती असते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. उधाणाच्या वेळी आपल्याकडे पाणी पाच मीटरच्या आसपास चढते आणि पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादीच महापालिका जाहीर करते. येथे भरती आणि ओहोटी यांत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक पडतो. ताईने सकाळी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि दुपारी पुन्हा जाऊन पाहिले, तर पाणी काही पावलांपलीकडे हललेले नव्हते.

बुधवार

ब्लू बे येथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले. हा भाग संरक्षित सागरी उद्यान आहे आणि २००८ पासून जगभरातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. होडीवाल्याने इंजिन बंद केले तेव्हा आम्ही काचेवर अक्षरशः ओणव्या झालो. खाली हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले प्रवाळ होते, त्यांच्या मधून एक निळा-हिरवा पोपटमासा आला, एका गाठीचा करकचून चावा घेऊन पुढे सरकला आणि थोड्या वेळाने त्याच्या मागे पांढऱ्या भुकटीचा एक लहानसा ढग पाण्यात पसरला. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत अशा माशांनी चावून, दळून टाकलेल्या प्रवाळाचा वाटा मोठा आहे. बेटाचा दगड काळा आणि वाळू मात्र पांढरीशुभ्र कशी, हे कोडे तिथे सुटले.

प्रवाळाचा एकेक जीव काही मिलिमीटरचा असतो. तो आपल्याभोवती चुनखडीचे घर बांधतो आणि त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवते. त्यामुळे त्याला उथळ, स्वच्छ आणि उबदार पाणी लागते, आणि नदी गाळ व गोडे पाणी घेऊन समुद्राला मिळते तिथे या भिंतीला खिंडार पडते. पाणी फार तापले तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. तसे पांढरे पट्टे आम्हालाही दिसले. होडीवाला त्यांवरून जाताना काही बोलला नाही, त्याने फक्त त्या दिशेला बोट दाखवले.

गुरुवार, दुपार

ताई निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवत असे आणि सूर्याचा विषय निघाला की आजही तिच्या अंगात उत्साह संचारतो. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो; दुपारी साडेबाराच्या थोडे पुढे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. भाच्याने दादरच्या गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून तिचा फोटो पाठवला. बाटलीभोवती सावलीचा मागमूस नव्हता. येथे घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे आमच्याकडे तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग तासभराने ताईने अंगणात मीटरभर उंचीची काठी रोवली आणि सावली सर्वांत आखूड झाली ती वेळ साधून दोरीने मोजली. ती पाऊण मीटरहून थोडी अधिक भरली आणि तिचे टोक दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने होते.

मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर, त्यामुळे विषुववृत्तावरून घडी घातली तर दोन्ही ठिकाणे जवळजवळ एका रेषेत येतील. तरी येथे या दिवसांत सूर्य उत्तरेकडून जातो, पावणेसहाच्या आत मावळतो आणि हिवाळा तोंडावर आलेला असतो. रात्री सप्तर्षी उत्तर क्षितिजालगत उलटे टेकलेले दिसले आणि दक्षिणेला त्रिशंकू बराच वर आला होता. ध्रुव येथून दिसतच नाही. आजूबाजूला एकही दिवा नसल्यामुळे हे सारे आम्ही ओसरीवर झोपून पाहू शकलो. ताईने वर्गात कितीतरी वर्षे फळ्यावर काढलेले आकाश तिला आज प्रत्यक्ष भेटले. ती बराच वेळ बोलली नाही.

शुक्रवार

आज घराच्या भिंतींविषयी लिहायचे आहे. त्या दगडावर हात ठेवला की सह्याद्रीची आठवण होते आणि त्यामागे खरेच नाते आहे. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, म्हणजे आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि सह्याद्रीचे कडे ज्यातून घडले, त्याच स्थानातून पुढे सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि ते स्थान मागे राहिले. आज ते नैर्ऋत्येच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

हा दगड शेतातून हलवल्याशिवाय येथे ऊस लावता येत नव्हता. उसाच्या फडांमध्ये अजूनही काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे आहेत, काही तर नीट रचलेले चौथरेच आहेत. ते मजुरांनी हातांनी उचलून रचले. १८३४ पासून करारावर आणलेल्या मजुरांची जहाजे कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही येथे येत असत, आणि रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही त्यांत होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जहाजातून उतरलेली माणसे ज्या १६ पायऱ्या चढून आत येत, त्या आम्ही चढून पाहिल्या. त्या मजुरांची नोंदणीपुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. गणेशचतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते. हे सगळे ठाऊक झाल्यावर मला त्या घराच्या मागचा ऊस निव्वळ हिरवी पार्श्वभूमी म्हणून पाहणे शक्य राहिले नाही. त्याला आता तुरे आले आहेत आणि लवकरच तोडणी सुरू होईल.

शनिवार

संध्याकाळी घर सांभाळणाऱ्या बाई थोडा वेळ थांबल्या. त्या भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलतात, आणि डाळीचे सारण भरलेली त्यांची डालपुरी टोमॅटोच्या रस्स्याबरोबर आम्ही रोज आवडीने खातो. मी छपराचे पाचट किती वर्षे टिकते असे विचारले आणि त्यावरून त्यांना २०२० सालची गोष्ट आठवली. त्या वर्षी २५ जुलैला वाकाशिओ नावाचे मालवाहू जहाज येथून जवळच पॉइंट देस्नीसमोर प्रवाळावर चढले, ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच्यातून तेल गळू लागले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. सरकारी मदतीची वाट न पाहता किनाऱ्यावरच्या गावांतली माणसे बाहेर पडली. त्यांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट ठासून भरले, रिकाम्या बाटल्या बांधून त्या तरंगत्या केल्या आणि खाजणात तेलाच्या वाटेवर आडव्या लावल्या. काहींनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात.

बाई बोलताना हातांनी शिवणीचे टाके दाखवत होत्या. सुई जाड होती, तेलाच्या वासाने डोके दुखायचे, दुपारी मुले पाणी आणून द्यायची, आणि घरी गेल्यावर नखांतला काळेपणा साबणानेही जात नसे. "ही भिंत आमची आहे," त्या म्हणाल्या, "ती गेली तर समुद्र अंगणात येईल." ज्या पाचटाखाली मी पहिल्या रात्री सुखाने झोपले त्याच पाचटाने त्यांनी हा समुद्र धरून ठेवला होता. मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर तेव्हा नीट बोलून दाखवता आला नाही, म्हणून तो येथे लिहून ठेवते.

रविवार

आज सकाळपासून आमच्या घरासमोर सुरूच्या सावलीत कुटुंबेच्या कुटुंबे येऊन बसली. पातेली, सतरंज्या, एक गिटार आणि एक रावान, म्हणजे सेगा गाण्याबरोबर वाजवतात तो बकऱ्याच्या कातड्याचा डफ. मॉरिशसमध्ये किनाऱ्यालगतची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारच्या मालकीची आहे. घरे भाडेपट्ट्याने बांधता येतात, पण भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांसाठी मोकळी असते. भाडे भरून एकांत विकत घेतलेल्या पाहुण्यांना हे खटकत असेलही. मला मात्र हा नियम अतिशय योग्य वाटतो. ज्यांनी त्या समुद्रासाठी पिशव्या शिवल्या त्यांनाच तो सुट्टीच्या दिवशी दुरून पाहावा लागला असता, तर त्या बंगल्यात राहण्यात काही आनंद उरला नसता. एका आजींनी ताईला हाताला धरून सतरंजीवर बसवले आणि दुपारचे जेवण आम्ही त्यांच्यातच केले.

मुंबई

परत आल्यावर मी आपल्या प्रवाळांविषयी वाचते आहे. मुंबईचे पाणी गढूळ आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे येथे तशी भिंत उभी राहत नाही, पण हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या लहान वसाहती आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण दिलेले आहे. किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांपैकी काही वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या. त्याच वर्षी माहेबूरच्या बायका पाचट भरत होत्या. हाजी अलीवरून मी आयुष्यभर बसने ये-जा केली आहे आणि त्या खडकांवर काय वाढते हे कधी पाहिलेले नाही.

पावसाळ्यात त्या खडकांवर उतरता येत नाही. पाऊस सरल्यावर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायला लोकांना घेऊन जातात, त्यांच्याबरोबर जायचे आम्ही दोघींनी ठरवले आहे. वडिलांच्या हिशेबाने अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे. ताईने दिनदर्शिकेवर कार्तिक अमावास्येला खूण केली आहे आणि भाच्यालाही त्या दिवशी मोकळे राहायला सांगितले आहे.