एकाला की सगळ्यांना?

दुपारी काकूंचा फोन. "अरे, मी काय दाबलं रे? सगळे माझ्यावर ओरडतायत."

काकूंच्या जुन्या सहकाऱ्यांची मेलिंग लिस्ट आहे, साठेक माणसं; एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो. मेलमॅन नावाच्या सॉफ्टवेअरवर ती उभी करून द्यायला मला अर्धा तास लागला. चालवायला शिकवतोय त्याला तिसरं वर्ष.

काकूंनी काहीच दाबलं नव्हतं. एक गृहस्थ 'मी बाहेरगावी आहे' असं आपोआप जाणारं उत्तर लावून गेले होते. ते उत्तर लिस्टवर आलं, लिस्टनं ते इतरांबरोबर त्यांनाही पाठवलं, त्यावर पुन्हा उत्तर. शंभरेक वेळा ते बाहेरगावी होते.

मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, रिप्लाय लिहिणाऱ्यालाच जाऊ दे. सगळ्यांना सांगायचं असेल त्यानं रिप्लाय ऑल दाबावं. काकूंनी ऐकलं नाही. "मग काय, प्रत्येकानं एकमेकांच्या कानातच बोलायचं?"

माझा हट्ट सातवीतला आहे. मागच्या बाकावरून पुढच्या मित्राला चिठ्ठी धाडली होती, 'सरांची चप्पल फाटलीय'. पाच बाकांनी ती वाचली, सहावे सर. त्यांनी मोठ्यानं वाचली, मग वाकून चप्पल पाहिली. रागावले नाहीत, हेच वाईट. तेव्हापासून पत्ता दोनदा बघितल्याशिवाय माझं बोट खाली जात नाही.

बाकीच्यांचं जातं. 'मला लिस्टमधून काढा' हे सगळ्यांना जातं, खाली 'मलाही' अशी रांग लागते. बाहेर पडण्याचा पत्ता प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, असावा असं 1998 सालीच ठरलंय, तळाशीही लिंक असतेच. तळापर्यंत जातो कोण!

त्या गृहस्थांचे मेल तात्पुरते थांबवले. फोन ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "आणि एकाचं बाउन्स बाउन्स येतंय."

मी म्हटलं, बहुतेक मेलबॉक्स भरला असेल. मेल सारखे परत आले की सॉफ्टवेअर आधी पाठवणं थांबवतं, मग नाव काढून टाकतं. तुम्ही काही करू नका.

"भरला नाही रे. जूनमध्ये गेले ते." जरा थांबून, "नाव ठेवता येतं का? मेल नकोत, नुसतं नाव."

येतं. सभासदांच्या पानावर प्रत्येक नावापुढे 'नोमेल'चा चौकोन असतो. मी टिक केली.