रोजमेळचा प्रोग्रेस बार आणि शेकाट्याची दोन जास्तीची घरं

रविवारी सकाळी मामाचा ऐरोलीहून फोन. "अगं, शंभर टक्के दाखवतंय आणि तरी संपत नाहीये. पाच मिनिटं वाट बघितली, मग बंद केलं मी."

"मामा, कंट्रोल-सी दाबलंस?"

"मग काय करणार? शंभर झालं म्हणजे झालंच ना."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शंभर म्हणजे झालं. ३.१ जीबी उतरवण्याची ओढाताण पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती आणि दोष माझ्या बारचा होता. हा आठवडा त्या बारवरच गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: रोजमेळ हे मी पायथनमध्ये लिहीत असलेलं छोटं व्हर्जन कंट्रोल, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. कमांड लाइनवरच चालतं. पोटात गिट या प्रसिद्ध व्हर्जन कंट्रोलसारखीच रचना आहे, प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डरची यादी आणि प्रत्येक नोंद ही हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ठशाच्या) नावाने ठेवलेली एकेक वस्तू. वापरणारे दोघं: नौपाड्यात मी, आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरने दिघा गाव मागे टाकलं की ऐरोली, तिथे मामा. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून मामा पक्ष्यांच्या नोंदी ठेवतोय. हजारो चिमुकल्या टेक्स्ट फाइली, बरेच फोटो आणि थोडे व्हिडिओ. रोजमेळला याहून चांगली परीक्षा मला ठरवूनही घेता आली नसती.

आता त्या शंभर टक्क्यांचं. मामाच्या साठ्यात ६,४१२ वस्तू आहेत. त्यातले व्हिडिओ फक्त ३८, पण ३.१ जीबीपैकी २.६ जीबी त्यांनीच व्यापलेत. माझा बार वस्तू मोजत होता, आणि मी लहान वस्तू आधी पाठवते. म्हणजे सगळ्या नोंदी आणि फोटो पोचले तेव्हा ६,३७४ वस्तू झाल्या, बार ९९ वर. प्रत्यक्षात बाइट आले होते १६ टक्के. त्यात मी टक्केवारीला राउंड लावलं होतं. सहा व्हिडिओ उतरले की ९९.५ च्या पुढे जातं आणि पडद्यावर येतं १००. उरलेले ३२ व्हिडिओ, म्हणजे दोन जीबीहून जास्त, त्या १०० च्या मागे रांगेत उभे. मामाने बंद केलं तेव्हा बाइटच्या हिशेबाने काम जेमतेम तिसरा हिस्सा झालं होतं.

राउंडची दुरुस्ती एका ओळीची. पूर्णांक भागाकार करायचा, वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. गिटही हेच करतं, म्हणून तिथे शेवटची वस्तू आल्याशिवाय १०० दिसत नाही.

पण वस्तू मोजायच्या की बाइट, हा प्रश्न मोठा आहे. गिटसुद्धा वस्तूच मोजतं. क्लोन करताना, म्हणजे अख्ख्या साठ्याची प्रत उतरवताना, टक्क्यांपुढे कंसात जे दोन आकडे दिसतात ते वस्तूंचे, आणि बाइट व वेग त्याच्या मागे वेगळे येतात. मला पूर्वी वाटायचं की हा नुसता सवयीचा भाग असेल. तसं नाही. गिट सगळ्या वस्तू एका पॅकमध्ये बांधून पाठवतं, आणि त्या पॅकचं डोकं (हेडर) १२ बाइटचं असतं: पहिल्या चार बाइटमध्ये 'पॅक' या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं, पुढच्या चारमध्ये आवृत्ती, शेवटच्या चारमध्ये वस्तूंची संख्या. एकूण आकार त्यात नाही, आणि तो लिहिताही येणार नाही, कारण सर्व्हर पॅक रचत रचतच पाठवत असतो. किती वस्तू पाठवायच्या ते त्याने आधी मोजलेलं असतं, पण त्या दाबून (कॉम्प्रेस करून) किती बाइट होतील हे दाबल्यावरच कळणार. म्हणून घेणाऱ्याला एकच पक्का आकडा आधी मिळतो, आणि गिट तोच दाखवतं. माहीत नसलेल्या एकूण आकारावर अंदाजाची टक्केवारी लावत नाही. हे समजल्यापासून गिटचा बार मला जास्त आवडायला लागला. सगळ्यात आधी 'एन्युमरेटिंग' म्हणत नुसता चढता आकडा दाखवतं, तिथेही तेच. एकूण किती हे अजून ठाऊकच नसतं, म्हणून टक्के नाहीत.

रोजमेळची गोष्ट वेगळी आहे. माझ्या वस्तू डिस्कवर आधीच दाबून ठेवलेल्या असतात, डेल्टा (दोन वस्तूंमधला फक्त फरक ठेवणं) वगैरे मी अजून केलेलं नाही. म्हणजे पाठवण्याआधी सगळ्यांच्या आकारांची बेरीज करणं मला शक्य आहे. तरी मी डोळे मिटून गिटचं डोकं उचललं होतं. आता रोजमेळच्या डोक्यात आणखी ८ बाइट आहेत, एकूण आकाराचे, आणि बार बाइटवर चालतो. वस्तूंचा आकडा कंसात राहू दिला, मामाला तो बघायला आवडतो.

बाइटवर आल्याबरोबर पुढचा प्रश्न. आधी एक वस्तू पूर्ण झाली की बार एकदा रंगवायचा. आता ६८ एमबीचा व्हिडिओ उतरत असताना मध्येही तो हलायला हवा. मी ६४ केबीचे तुकडे वाचते, म्हणजे पूर्ण साठ्याला सुमारे ४७ हजार वेळा रंगवणं. एवढं लिहून कोणाचं भलं होत नाही, रिमोट मशीनवर तर तेच ओझं होतं. गिट यासाठी सेकंदाला एकदा वाजणारा टायमर लावतं आणि टक्का बदलला किंवा टायमर वाजला तरच लिहितं. २००७ साली निकोलस पित्रे यांनी लिहिलेली ही प्रोग्रेसची फाइल लहानशी आहे. ज्यांना सी भाषा वाचता येते त्यांनी एकदा निवांत वाचाच. मर्क्युरिअल हे गिटसारखंच दुसरं व्हर्जन कंट्रोल, ते दर ०.१ सेकंदाने रंगवतं. मी मर्क्युरिअलचा आकडा घेतला, डोळ्याला तो सलग वाटतो.

सुरुवातीचा थांबाही दोघांकडे आहे. मर्क्युरिअल ३ सेकंद गप्प बसतं आणि मगच बार काढतं, गिटची काही कामं २ सेकंद थांबतात. मी २ ठेवले. मामाची रोजची नोंद अर्ध्या सेकंदात होते, तिला बार दाखवून पुसणं म्हणजे डोळ्यांना नुसता चटका. आणि हो, बार स्टँडर्ड एररवर (मुख्य आउटपुटहून वेगळ्या, संदेशांसाठीच्या वाटेवर) लिहायचा आणि समोर खरंच टर्मिनल, म्हणजे कमांड लाइनची खिडकी, आहे का ते आधी विचारायचं. नाहीतर फाइलमध्ये वळवलेल्या आउटपुटमध्ये हजारो अर्धवट ओळी साचतात.

इथपर्यंत बुधवार. गुरुवारपासून मराठीशी गाठ पडली.

रोजमेळचे सगळे संदेश मराठीत आहेत. वस्तू उतरल्या की त्यांच्या फाइली बनवताना बार लिहितो 'वस्तू जुळवतोय', मग आकडे, मग त्या क्षणी चालू असलेल्या फाइलचं नाव. त्याच ओळीवर पुन्हा लिहायचं तर कॅरेज रिटर्न पाठवून कर्सर ओळीच्या सुरुवातीला न्यायचा. आधीची ओळ लांब आणि नवी आखूड असेल तर जुन्याचं शेपूट उरतं, म्हणून फरकाइतक्या स्पेस मागे जोडायच्या. हे मी केलेलंच होतं. मामा बऱ्याच फाइलींना पक्ष्यांची नावं देतो. तरी कॅमेऱ्याने नाव दिलेल्या फाइलनंतर 'शेकाट्या' आला की त्याच्या मागे आधीच्या नावाची दोन अक्षरं चिकटून राहायची. 'खंड्या' आला तरी दोन. 'रोहित' आला की मात्र सगळं स्वच्छ.

ही दोन अक्षरं कुठून येतात ते मला दीड तास कळलं नाही. आई मागे चहा घेऊन उभी होती. तिने ठाणे स्टेशनजवळच्या एका टायपिंग क्लासमध्ये बरीच वर्षं शिकवलंय, मराठी ३० आणि ४० च्या बॅचेस. कॅरेज रिटर्न हा शब्द ऐकून ती वाकून बघायला लागली. मी सांगितलं, रोहित नीट बसतो, शेकाट्या बसत नाही.

"शेकाट्यात मात्रा आहे ना," आई म्हणाली. "मात्रेच्या कळीने कॅरेज सरकत नाही. उकार, अनुस्वार, कशानेच नाही. कान्याने सरकते, वेलांटीने सरकते. आमच्या मुली पहिल्या आठवड्यात हेच चुकायच्या, ओळीची लांबी मोजताना मात्रासुद्धा मोजायच्या."

मीही तेच करत होते. पायथनला 'शेकाट्या'ची लांबी विचारली की तो म्हणतो ८: श, मात्रा, क, काना, ट, हलन्त, य, काना. पडद्यावर त्यातली मात्रा आणि हलन्त वेगळं घर, म्हणजे एका अक्षराची जागा, घेत नाहीत. घरं ६. मी ८ मोजून दोन स्पेस कमी पाठवत होते, तीच ती दोन अक्षरं. 'रोहित'मध्ये सगळे काने-वेलांट्या, पाचाची पाच घरं.

नंतर युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, वर्गवारी उघडून बघितली तर आईची वाटणी जशीच्या तशी तिथे होती. काना, वेलांट्या, ओकार 'एमसी' या गटात, म्हणजे जागा घेणारी चिन्हं. उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार, हलन्त 'एमएन' या गटात, जागा न घेणारी. टर्मिनलवरची रुंदी मोजणारं सी भाषेतलं डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन एमएनला शून्य घर देतं आणि एमसीला एक. टाइपरायटरची कॅरेज आणि टर्मिनलचा कर्सर एकच नियम पाळतात, हे बघून आम्ही दोघी हरखलो.

एक सावधगिरी, कारण मी यातही एकदा घसरले. पायथनच्या युनिकोडडेटामध्ये 'कम्बाइनिंग' नावाचं फंक्शन आहे. नाव बघून वाटतं की जोडचिन्ह ओळखायला हेच. ते न वापरलेलं बरं. ते कम्बाइनिंग क्लास देतं, आणि आपल्या मात्रा, उकार, अनुस्वार सगळ्यांचा क्लास शून्य आहे. हलन्ताचा तेवढा ९. 'वस्तू जुळवतोय'वर चारही मोजमापं करून बघा: यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ३७ बाइट, लांबी विचारली तर १३, कम्बाइनिंगने गाळलं तर १२, आणि वर्गवारी बघून एमएन गाळले तर १०. घरं १०. तेव्हा 'कॅटेगरी' विचारा.

मग स्पेस मोजत बसण्यापेक्षा ओळीच्या शेवटपर्यंत पुसण्याचा टर्मिनलचा संकेतच का पाठवत नाही, असं कोणी विचारेल. पाठवते आता. गिटही सर्व्हरकडून आलेल्या प्रगतीच्या ओळींना तोच जोडतं, आणि टर्मिनलने स्वतःला डंब (असे संकेत न कळणारं) म्हणवलं असेल तर त्याऐवजी ८ स्पेस देतं. पण पुसण्याने मोजण्याची गरज संपत नाही. ओळ खिडकीहून लांब झाली की ती दुमडते, आणि कॅरेज रिटर्न दुमडलेल्या खालच्या तुकड्याच्याच सुरुवातीला जातो. मग प्रत्येक वेळी एक नवी ओळ, पडदाभर पायऱ्या. म्हणून फाइलचं नाव बसेल तेवढंच कापावं लागतं. आणि कापताना कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) मोजून कापलं तर 'शेकाट्या'चा 'शेकाट्' होतो, पाय मोडका ट पडद्याच्या काठाला लटकलेला. मामा त्या पक्ष्यावर इतका जीव लावतो की त्याचं नाव असं अर्धं तोडून दाखवणं मला सहन होईना. आता काप पूर्ण अक्षराच्या सीमेवरच जातो. हलन्तानंतर व्यंजन असेल तर ते धरून ठेवायचं, मागून येणारी चिन्हं सोडायची नाहीत, आणि बसत नसेल तर अख्खं अक्षर गाळायचं. कापलेल्या नावाला शेवटी तीन टिंबं.

टक्के देवनागरीत दाखवायचे तर पायथन ते आपणहून करत नाही, अंकांची अदलाबदल करणारा छोटा तक्ता लागतो. अंकाला एकच घर, तिथे काही अडचण नाही.

शनिवारी संध्याकाळी मामाने नवी आवृत्ती चालवली, मी फोनवर. "हं, पंधरा... सोळा... आता हळू झालं गं."

"व्हिडिओ सुरू झाले, मामा. मागे वेग दिसतोय का?"

"दिसतोय. बरं, मग मी खाली दूध घेऊन येतो."

परत आला तेव्हा ७४ वर होतं. वेगासाठी मी गिटची रीत घेतली आहे, अर्ध्या सेकंदाचे शेवटचे ८ नमुने आणि त्यांची सरासरी. आकडा फार उड्या मारत नाही.

दोन गोष्टी बाकी आहेत. नेट मध्येच थांबलं की तुकडे येत नाहीत, तुकडे आले नाहीत की रंगवणारं फंक्शन चालत नाही, आणि शेवटचा वेग तसाच गोठून राहतो. त्यासाठी वेगळा टायमर लावून वेग शून्यावर आणायला हवा. दुसरी गोष्ट मामाच्या जुन्या लॅपटॉपची. तिथलं टर्मिनल 'ट्य' जोडून एकाच घरात बसवतं, म्हणजे शेकाट्या तिथे सहाऐवजी पाच घरांचा होतो आणि माझं मोजमाप एकाने चुकतं. येत्या शनिवारी ऐरोलीला जाऊन तो लॅपटॉप समोर ठेवूनच बघणार आहे: एक अक्षर लिहायचं आणि कर्सर नेमका कुठे उभा आहे हे टर्मिनललाच विचारायचं. कोणी हे आधी करून पाहिलं असेल तर कोणतं टर्मिनल होतं तेवढं नक्की सांगा.