मन्रोंची यादी बाजूला ठेवून: नकाशा आणि होकायंत्राचा हंगाम

यंदाच्या हंगामात आमच्या मन्रोंच्या यादीत फारच थोडी भर पडली, आणि ते आम्ही ठरवूनच केलं. वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे बहुतेक शनिवार-रविवार एकाच गोष्टीला दिले: फोन सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि कागदी नकाशा, होकायंत्र, घड्याळ एवढ्यावर डोंगर चालायचा. त्यातून जी शिखरं मिळतील ती आपली.

हा छंद नव्याने लागलेल्यांसाठी थोडं सांगते. स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांपेक्षा, म्हणजे ९१४.४ मीटरपेक्षा उंच शिखरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांची यादी १८९१ साली प्रसिद्ध झाली. मोजणी सुधारत गेली तशी यादीही बदलली. २०१२ साली फेरमोजणीत एक शिखर अर्ध्या मीटरहूनही कमी फरकाने खाली भरलं आणि यादीतून गेलं; तेव्हापासून २८२ उरली आहेत. एवढ्याशा फरकाचीही इथे कसून मोजदाद होते हे मला मनापासून आवडतं. मोजण्याच्या या शिस्तीमुळेच बहुधा मी या छंदात इतकी रमले.

सह्याद्रीत भटकलेल्यांना हे आकडे लहान वाटतील. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तर इथला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५. पण फोर्ट विल्यमहून निघताना पाय जवळपास समुद्रसपाटीवरच असतो, म्हणजे सगळी उंची स्वतः चढायची. शिवाय इतक्या उत्तरेला झाडोरा खालीच संपतो आणि वर वारा अडवायला काहीही नसतं. याहून मोठा फरक वाटेचा आहे. सह्याद्रीत पायथ्याच्या गावात वाट विचारता येते, डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, पदरात, गुराखी भेटतो, कातळात खोदलेल्या पायऱ्या सापडतात. इथे वर विचारायला माणूस नाही आणि बहुतेक डोंगरांवर दिशा दाखवणारे बाणही नाहीत. लोकप्रिय शिखरं सोडली तर पायवाट मध्येच दलदलीत विरते. वर ढग बसला की पुढचं सगळं तुमच्या हातातल्या कागदावर.

आम्ही दोघं ग्लासगोत राहायला आलो तेव्हा गाडी नव्हती. नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: इथे स्थायिक झाल्यापासून भारतीय परवाना १२ महिनेच चालतो, पुढे इथला शिकाऊ परवाना काढून लेखी आणि गाडीची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तो होईपर्यंत आम्ही आगगाडीने जाता येतील असे डोंगर शोधले. वेस्ट हायलंड मार्गावरचं कोरूर हे त्यातलं सर्वांत लाडकं ठिकाण. या स्थानकापर्यंत सार्वजनिक रस्ताच नाही. रॅनखच्या अफाट दलदलीत उतरायचं, लॉख ओसियन या तळ्याच्या काठाने चालायचं आणि ९३५ मीटरचा बेन ना लॅप चढून संध्याकाळची गाडी पकडायची. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी पहिला मन्रो इथेच करावा असं मी आग्रहाने सांगेन. फक्त परतीच्या गाडीची वेळ तोंडपाठ हवी, कारण दिवसभरात गाड्या अगदी मोजक्या असतात.

वेळेचा हिशेब आम्ही तिथूनच शिकायला लागलो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि चढलेल्या दर २००० फुटांना आणखी एक तास. मीटरमध्ये तो ताशी ५ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास असा वापरतात. शिहॅलियन या मन्रोचं उदाहरण घ्या. ब्रेज ऑफ फॉसच्या वाहनतळाहून जाऊन-येऊन साधारण १० किलोमीटर, चढाई साडेसातशे मीटरच्या आसपास. नियमाने सव्वातीन तास होतात. त्यात थांबे नाहीत, फोटो नाहीत, आणि माथ्याजवळच्या गारगोटी दगडांच्या राशी तर नाहीतच. आम्ही नियमाच्या दीडपट वेळ धरतो आणि तो बरोबर बसतो. प्रत्येकाने आपापला गुणक काढावा. तो एकदा कळला की घड्याळ हेसुद्धा वाट दाखवणारं साधन होतं: "चाळीस मिनिटं झाली, म्हणजे ओढा आता यायलाच हवा," असं म्हणता येतं, आणि ओढा आला नाही तर तिथेच थांबून नकाशा काढता येतो.

शिहॅलियनवर मी हट्टाने दोनदा गेले, त्याला कारण आहे. १७७४ साली खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी याच डोंगरावर पृथ्वीचं वस्तुमान शोधण्याचा प्रयोग केला. एवढा मोठा डोंगर ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. ती ओढ ताऱ्यांच्या आधारे मोजायची आणि डोंगराच्या वस्तुमानावरून पृथ्वीचं काढायचं. हा १०८३ मीटरचा डोंगर निवडला तो त्याच्या सुटसुटीत, बऱ्यापैकी समान आकारासाठी. त्याचं घनफळ काढायचं तर मोजणीदारांनी आणलेले शेकडो उंचीचे आकडे नीट मांडायला हवे होते. गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, आणि डोंगराचा आकार कागदावर दिसू लागला. समोच्च रेषांच्या अगदी सुरुवातीच्या वापरांत याची गणना होते. पृथ्वीची घनता त्यांना पाण्याच्या साडेचारपट मिळाली. खरी साडेपाचपट आहे. अठराव्या शतकात, ढगात आणि पावसात तंबू ठोकून काढलेलं हे उत्तर आहे! शाळेत भूगोलाच्या तासाला ज्या रेषा नुसत्या गिरवल्या, त्याच रेषांचा नकाशा हातात धरून त्या डोंगराची पूर्वेकडची रुंद सोंड चढताना माझ्या अंगावर काटा आला.

आता रेषांबद्दलच. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशांवर डोंगराळ भागात दर १० मीटरला रेष असते, हार्वे या खासगी कंपनीच्या नकाशांवर दर १५ मीटरला. म्हणजे आठ मीटरचा कडा नकाशावर दिसेलच असं नाही, आणि धुक्यात तेवढाच कडा पुरेसा धोक्याचा असतो. हार्वेचा नकाशा पावसात टिकतो आणि त्यावर खडकाळ जमीन वेगळी दाखवलेली असते, म्हणून डोंगरावर आम्ही तोच नेतो. घरी आखणी करताना मात्र ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा उघडतो. नवऱ्याने लावलेली एक सवय फार उपयोगी पडली. शुक्रवारी रात्री जेवणानंतर तो नकाशावरच्या एका जागेवर बोट ठेवतो आणि विचारतो, "इथे उभी आहेस. डावीकडे काय दिसतंय सांग." खिंड, सोंड, घळ, उतार किती तीव्र, ओढा कुठून कुठे वाहतो, हे सगळं रेषांवरून बोलून दाखवायचं. मग मी त्याला विचारते. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष तिथे उभं राहून ते पडताळून पाहण्यात जो आनंद आहे तो मला माथ्यावर पोचण्याहूनही मोठा वाटतो.

खरी परीक्षा ग्लेनशीच्या पूर्वेकडच्या पठारावर झाली. केर्न ऑफ क्लाश १०६४ मीटर, त्यापलीकडे टॉम बुई ९५७ आणि टोलमाउंट ९५८. शेवटचे दोन म्हणजे विस्तीर्ण पठारावरचे नुसते उंचवटे आहेत. स्वच्छ हवेत तासाभराची निवांत चाल, ढगात मात्र सगळीकडे सारखंच करडं गवत आणि पीटची काळी जमीन. आम्ही मुद्दाम ढगाचा पण कमी वाऱ्याचा दिवस निवडला.

पद्धत अशी होती. एकाने होकायंत्रावर दिशा धरून पुढे चालायचं, दुसऱ्याने मागे राहून पावलं मोजायची आणि पुढचा रेषेवर आहे की नाही बघायचं. सपाटीवर माझी दुहेरी पावलं १०० मीटरला ६५ च्या आसपास पडतात, चढावर ८० च्या पुढे जातात; नवऱ्याची बरीच कमी. म्हणून मोजणारा बदलला की आकडाही बदलतो, आणि तो नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलेला बरा. दर १०० मीटरला दोरीवरचा एक मणी सरकवायचा. या वेळात गप्पा पूर्ण बंद.

"अगं, उजवीकडे सरकतेयस," मागून आवाज येई. वाऱ्याकडे पाठ फिरवायची शरीराची ओढ इतकी असते की चालणाऱ्याला ते कळतच नाही. म्हणूनच दोघांनी करायचं हे काम आहे.

टॉम बुईचा दगडांचा ढीग धुक्यातून अगदी नाकासमोर आला तेव्हा मणी आणि नकाशावरचं अंतर तंतोतंत जुळलं होतं. तिथेच खडकांत पिसं बदलण्याच्या बेतात असलेले टार्मिगन पक्षी बसले होते, करड्यात मध्येच पांढरे ठिपके. आम्ही अगदी जवळून गेलो तरी उडाले नाहीत. परतताना एक नवी युक्ती वापरली. केर्न ऑफ क्लाशच्या माथ्यावरून एक जुनी दगडी भिंत जाते. थेट माथ्यावर नेम धरण्याऐवजी मुद्दाम थोडा एका बाजूला धरायचा. मग भिंत लागली की कोणत्या हाताला वळायचं याची शंकाच राहत नाही. नेम सरळ धरला असता तर भिंतीशी पोचून माथा डावीकडे की उजवीकडे यावर घोटाळलो असतो.

नव्या लोकांनी ब्रिटनमध्ये सध्या एक सोय लक्षात घ्यावी. होकायंत्राची उत्तर दिशा आणि नकाशावरच्या उभ्या रेषांची उत्तर दिशा यांत इथे आता अगदी थोडा फरक आहे, त्यामुळे सरावाला सोपं जातं. तो फरक दर वर्षी बदलतो, म्हणून नकाशाच्या समासातली सूचना वाचायची आणि नकाशा कधी छापला तेही बघायचं.

डोंगर कुठला हे आता आम्ही यादीवरून ठरवत नाही, वाऱ्यावरून ठरवतो. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस रोज डोंगरांसाठी वेगळा अंदाज देते: माथ्यावर वारा किती, त्याचा चालण्यावर काय परिणाम होईल, ९०० मीटरवर तापमान किती, माथे ढगाबाहेर राहण्याची शक्यता किती टक्के. मी आधी वाऱ्याचा रकाना वाचते. ताशी ४० मैलांच्या पुढे आकडा असेल तर धारेचा बेत रद्द, आणि त्या दिवशी दरीतली चाल. पाऊस सोसतो, झोडपणाऱ्या वाऱ्यात धारेवर तोल सांभाळत नकाशा उघडणं शक्यच नसतं.

जमिनीच्या हक्काबद्दल मला इथला कायदा फार मोलाचा वाटतो. २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जवळपास सगळ्या मोकळ्या जमिनीवर, खासगी असली तरी, जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाही तोच. फाटक होतं तसं बंद करायचं, कुत्रा मेंढ्यांपासून दूर, कचरा परत न्यायचा. लॉख लोमंडच्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर तंबूसाठी परवाना लागतो, तेवढं आधी पाहून जा. लाल हरणांच्या (रेड डिअर) नरांची शिकार साधारण १ जुलै ते २० ऑक्टोबर चालते, ऑगस्टपासून जोरात. त्या काळात इस्टेटीने, म्हणजे तिथल्या मोठ्या खासगी जमीनमालकाने, कळवलेल्या वाटा पाळायच्या. रविवारी सहसा शिकार नसते, म्हणून ऑगस्टनंतर आमचा लांबचा डोंगर रविवारी आणि सराव शनिवारी.

मिज चिलटांबद्दल एकच सांगते: मे अखेर ते सप्टेंबर, वारा पडला की ती येतात. जेवायला वाऱ्याची जागा निवडा. गोचिड्या अधिक गंभीर, कारण त्यांच्यातून लाइम आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला एकमेकांना तपासणं हा आमचा ठरलेला क्रम आहे. आणि डब्यात पोळी नेऊ नका, थंडीत चिवट होते. दुधात भिजवलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर मऊ राहते, हातमोजे घालूनही खाता येते.

पुढचा टप्पा अंधाराचा. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हिवाळ्यात उतरणीचा शेवट अंधारात होणं जवळपास ठरलेलं. म्हणून नोव्हेंबरचे शनिवार ऑखिल टेकड्यांना: बेन क्लूख ७२१ मीटर, मन्रोहून बराच कमी, ग्लासगोहून जवळ, आणि गोलाकार गवताळ माथ्यांमुळे दिवे लावून दिशा धरण्याच्या सरावाला योग्य. दोघांकडे दोन डोकेदिवे आणि एक जादा, शिट्टी प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही मदतीची खूण आम्ही दोघांनी पाठ केली आहे. जानेवारीत आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉनचा (बुटांना लावायच्या खिळ्यांचा) कोर्स करायचा आहे, आणि त्याआधी स्कॉटिश अव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचे रोजचे हिमस्खलनाच्या धोक्याचे अहवाल वाचायची सवय लावायची आहे. ते सहा भागांसाठी निघतात. आमच्या कामाचा दक्षिण केर्नगॉर्म पर्वतरांगेचा. तो जमला की बर्फातलं टोलमाउंट, त्याच मण्यांच्या दोरीसकट.